नवी आवृत्ती आली की जुन्या परवान्याचं काय होतं?

वीसपैलू

२०२४च्या डीअँडडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं वठवून खेळायचा खेळ) पुस्तकांच्या धाग्यावर गाडी परवान्यांवर घसरली आणि मूळ चर्चा बाजूला पडली, म्हणून हा स्वतंत्र धागा.

मूळ कंपनी रोल-प्लेइंग गेमची नवी आवृत्ती काढते तेव्हा तिच्या नियमांवर साहसकथा, राक्षसांचे कोश, पात्रांचे नवे प्रकार म्हणजे क्लास छापून पोट भरणाऱ्या थर्ड पार्टी प्रकाशकांचं काय होतं? आपण खेळाडू नियम बदलले की आरडाओरडा करतो. प्रकाशकाला नियमांचं एवढं भय नसतं. तो नव्या नियमांवर नवं पुस्तक काढेल आणि विकेल. त्याची झोप उडते ती दोन गोष्टींनी: छापून ठेवलेलं पुस्तक उद्या विकता येईल का, आणि नवं काढायला परवाना कधी आणि कोणत्या अटींवर हातात पडेल.

२०२३चा राडा (कंपनीने जुना खुला परवाना मोडीत काढायचा घाट घातला तो) सगळ्यांना आठवतो, पण त्याची मुळं बरीच मागे आहेत. विझार्ड्स ऑफ द कोस्टने १९९७मध्ये डीअँडडीची मूळ कंपनी टीएसआर विकत घेतली आणि १९९९मध्ये हॅसब्रोने विझार्ड्सला. २०००मध्ये डीअँडडीची तिसरी आवृत्ती आली, तेव्हा रायन डॅन्सी यांच्या पुढाकाराने दोन कागद निघाले. ते दोन वेगळे होते, हेच लोक विसरतात.

पहिला ओपन गेम लायसन्स, म्हणजे ओजीएल १.०ए. एसआरडी नावाने खुला केलेला नियमांचा मजकूर त्याखाली कुणीही वापरावा, रॉयल्टी नाही, परवानगी मागायला जायचं नाही. दुसरा डी२० ट्रेडमार्क परवाना. तो होता फक्त मुखपृष्ठावर 'डी२० सिस्टिम'चा शिक्का छापण्यापुरता, आणि सगळा कंपनीच्या मर्जीवर: अटी हव्या तेव्हा बदलणार, हवा तेव्हा बंद करणार. शिवाय शिक्का हवा असेल तर पात्र कसं बनवायचं हे पुस्तकात द्यायचं नाही. म्हणजे गिऱ्हाईक मूळ प्लेअर्स हँडबुक घ्यायला जाणारच. हिशोब उघड होता. साहसकथांमध्ये नफा कमी, त्या इतरांनी छापाव्यात. आपण नियमपुस्तकं विकू.

मग २००३मध्ये साडेतीन (३.५) आवृत्ती आली. माझ्या मते पहिला खरा फटका हा, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. ओजीएलच्या एकाही शब्दाला धक्का लागला नव्हता, कुणाचाही हक्क गेला नव्हता. तरी तिसऱ्या आवृत्तीचे आकडे असलेली बाहेरच्यांची पुस्तकं दुकानात धूळ खात पडली, कारण दुकानदाराने नवी ऑर्डर देणंच थांबवलं. त्याच वर्षी डी२० परवान्यात सभ्यतेची अट आली. एका प्रकाशकाने प्रौढ विषयावरचं पुस्तक जाहीर केलं होतं, त्याचा हा परिणाम. त्याने काय केलं? शिक्का काढून टाकला आणि तेच पुस्तक नुसत्या ओजीएलवर बाजारात आणलं. दोन कागदांतला फरक याहून स्पष्ट कुठे दिसणार!

२००८मध्ये डी२० परवाना बंदच झाला. शिक्का असलेला साठा वर्षअखेरपर्यंत संपवा, पुढे शिक्क्यासकट विक्री नाही. ओजीएलवरची पुस्तकं मात्र विकली जात राहिली.

लांबलं. चौथ्या आवृत्तीचं खाली प्रतिसादात टाकतो.

रातकिडा

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न: खेळाच्या नियमांवर कॉपीराइट नसतोच ना? मग हा सगळा परवान्याचा खटाटोप कशाला? वीस बाजूंचा फासा टाका, त्यात अधिक-वजा करा, याला मालक कोण?

मीमांसक

@रातकिडा, प्रश्न बाळबोध नाही, सगळ्याचा पाया तोच आहे.

अमेरिकी कॉपीराइट कायद्याचं कलम १०२(ब) सांगतं की कल्पना, पद्धत, प्रक्रिया यांना संरक्षण नाही. हा विचार १८७९च्या बेकर विरुद्ध सेल्डन खटल्यापासून चालत आलाय. तिथे वाद हिशोबाच्या वह्या ठेवण्याच्या एका पद्धतीचा होता. पद्धत सगळ्यांची, ती समजावणाऱ्या पुस्तकातला मजकूर लेखकाचा. तेव्हा 'फासा टाक, बोनस मिळव, लक्ष्याशी तुलना कर' यावर कुणाची मालकी नाही. पण एखाद्या मंत्राचं वर्णन ज्या शब्दांत लिहिलंय ते शब्द कंपनीचे. आणि दोन्हींच्या मधे मोठा धूसर पट्टा आहे: क्लासची रचना, मंत्रांच्या याद्या, राक्षसांची नावं आणि त्यांचे गुण यांची विशिष्ट गुंफण. रेषा नेमकी कुठे, हे खटला चालल्याशिवाय कळत नाही आणि छोट्या प्रकाशकाला खटला जिंकणंसुद्धा परवडत नाही. म्हणून तो परवाना घेतो. तो नियम विकत घेत नसतो, कोर्टात ओढलं न जाण्याची हमी घेत असतो.

त्याची किंमतही मोजतो. ओजीएलचं कलम ७ वाचा. 'अमुक खेळाशी सुसंगत' असं दुसऱ्याचा ट्रेडमार्क वापरून लिहायचं नाही, त्यासाठी वेगळा करार हवा. परवाना न घेता अशी खरी माहिती पुस्तकावर देणं कायद्यात बसू शकतं. परवाना घेतला की तो हक्क आपण आपल्या हाताने सोडून देतो.

हे नुसतं पुस्तकी नाही. केंझर अँड कंपनीने २००८मध्ये किंग्डम्स ऑफ कालामार या काल्पनिक जगाचं पुस्तक चौथ्या आवृत्तीसाठी कोणताही परवाना न घेता काढलं. त्या कंपनीचे प्रमुख स्वतः बौद्धिक संपदेचे वकील आहेत, त्यामुळे धाडस करणं जमलं. इतरांनी घरी करून पाहू नये.

वीसपैलू

हां, तर चौथी.

जानेवारी २००८मध्ये जाहीर झालं की ज्यांना नवे नियम आधी हवेत त्यांनी ५,००० डॉलर भरावेत, त्यांना ऑगस्टपासून पुस्तकं काढता येतील. बाकीच्यांनी पुढच्या वर्षाची वाट पाहावी. पुढे हा बेत रद्द झाला. ओजीएलऐवजी गेम सिस्टिम लायसन्स, जीएसएल, येणार असं ठरलं, पण तो येईचना. आवृत्ती जूनमध्ये दुकानात पोचली आणि परवाना त्याच महिन्यात तिच्या मागून. पुस्तक लिहून, चित्रं काढून, छापून आणायला महिनोन् महिने लागतात. आवृत्ती नवी असतानाच तर खप असतो, आणि नेमक्या त्या काळात बाहेरच्यांकडे विकायला काही नाही!

आणि आला तो कसा? अटी कंपनी कधीही बदलणार, तुम्ही संकेतस्थळावर लक्ष ठेवा. त्यासोबतची एसआरडी म्हणजे मुख्यतः वापरायला परवानगी असलेल्या संज्ञांची यादी. नियमांचा मजकूर जवळपास नाहीच. सगळ्यात कडू गोळी म्हणजे रूपांतराची अट: तुमची एखादी मालिका जीएसएलखाली आणलीत की ती परत ओजीएलखाली काढायची नाही. ही अट करार संपल्यावरही लागू. म्हणजे कंपनीने उद्या जीएसएल मोडीत काढला तर तुमची मालिका दोन्हीकडून गेली. ग्रीन रोनिन या प्रकाशकाने सही करायला नकार दिला. २००९च्या सुरुवातीला सुधारित जीएसएल आला आणि ती अट निघाली, पण तोवर मंडळी दुसऱ्या गाडीत बसली होती.

ती गाडी पाथफाइंडर. पायझो या प्रकाशकाकडची ड्रॅगन आणि डंजन ही मासिकं २००७मध्ये काढून घेतली गेली होती, त्यांचं सगळं आता साहसकथांच्या मालिकेवर अवलंबून. मार्च २००८मध्ये त्यांनी साडेतीनच्या एसआरडीवर स्वतःचा खेळ काढत असल्याचं जाहीर केलं. तारीख बघा: जीएसएलचा कागद तोवर कुणी पाहिलेलासुद्धा नव्हता. वाईट अटींमुळे प्रतिस्पर्धी तयार झाला असं सगळे म्हणतात. माझ्या मते तो उशिरामुळे तयार झाला. ऑगस्ट २००९मध्ये नियमपुस्तक आलं, ओजीएलवर, पूर्ण कायदेशीर.

टंकाळा

नेहमीप्रमाणे कंपनी खलनायक आणि छोटे प्रकाशक बिचारे. जरा दुसरी बाजू. खेळ घडवायला, जाहिरात करायला, दुकानांपर्यंत पोचवायला पैसा लावला कंपनीने. त्याच नियमांवर दुसरा कुणी तिच्याहून मोठा खप करतो आणि एक पैसा देत नाही. नव्या आवृत्तीत तिने हात थोडा आखडता घेतला तर गुन्हा काय? फुकट दिलेली गोष्ट आयुष्यभर फुकट द्यायलाच हवी का?

मीमांसक

@टंकाळा, नव्या आवृत्तीला नवा परवाना द्यायचा, कडक द्यायचा किंवा अजिबात द्यायचा नाही, हा कंपनीचा पूर्ण हक्क. २०१४मध्ये पाचवी आली तेव्हा खुला परवाना जवळपास दीड वर्ष नव्हताच. एसआरडी जानेवारी २०१६मध्ये आली. कुणी त्याला अन्याय म्हटलं नाही.

भांडण सुरू होतं ते नवी आवृत्ती जुन्याच्या मुळावर उठते तेव्हा. माणसाने जुन्या शब्दावर विसंबून गोदाम भरलेलं असतं.

२०२३चा मुद्दा तोच होता. ओजीएलचं कलम ९ म्हणतं की कंपनी सुधारित आवृत्त्या काढू शकते आणि तुम्ही परवान्याची कोणतीही 'अधिकृत' आवृत्ती वापरू शकता. कंपनीच्याच जुन्या प्रश्नोत्तरांत लिहिलं होतं की नवे बदल पटले नाहीत तर आधीची आवृत्ती वापरत राहा. वीसेक वर्षांनी वाद निघाला की 'अधिकृत' हा शब्द आहे म्हणजे कंपनी एखादी आवृत्ती अनधिकृतही ठरवू शकते. परवाना 'कायमस्वरूपी' असल्याचं लिहिलं होतं, 'अपरिवर्तनीय' असल्याचं कुठेही नव्हतं. डॅन्सी यांनी जाहीरपणे सांगितलं की असा अधिकार कंपनीला नाही. कोर्टाने मात्र यावर निकाल दिलेला नाही, कारण प्रकरण तिथवर गेलंच नाही.

मृण्मयी_फ

२०२३मध्ये फुटलेल्या नव्या ओजीएलच्या मसुद्यातली रॉयल्टी आठवते का? ७,५०,००० डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर २५ टक्के. उत्पन्नावर, नफ्यावर नव्हे! किकस्टार्टर सोडून दुसऱ्या ठिकाणी क्राउडफंडिंगमधून दहा लाख डॉलर जमवणारा प्रकाशक धरा. वरचे अडीच लाख, त्यावर ६२,५०० डॉलर कंपनीला. ऐकायला 'श्रीमंतांवरचा कर' वाटतो. पण त्या दहा लाखांतून छपाई, चित्रकार, जहाजाचं भाडं, घरपोच पाठवणी आणि प्लॅटफॉर्मचा वाटा गेल्यावर हातात काय उरतं ते कुठल्याही प्रकाशकाला विचारा. वर ५०,००० डॉलरच्या पुढे कमाई कळवणं बंधनकारक, आणि तुमचा मजकूर कंपनीने कायमचा, विनामोबदला वापरायचा हक्क.

टंकाळा, 'हात थोडा आखडता' वगैरे ठीक, पण हे हात आखडणं नव्हतं, खिशात हात घालणं होतं.

टंकाळा

रॉयल्टीचा मुद्दा मान्य. तत्त्वाला मात्र चिकटून आहे. पायझोनेही पुढे आपल्या परवान्यांत स्वतःचं हित बघितलंच, कुणी संत नाही.

शाईबोट

मी छोट्या प्रकाशकांसाठी पुस्तकांची मांडणी करते, तर टेबलाच्या या बाजूचं थोडं.

परवाना बदलला की लोकांना वाटतं शेवटचं पान बदललं की झालं. ओजीएलच्या पुस्तकात शेवटी कलम १५ असतं, त्यात ज्या ज्या पुस्तकातून काही उचललं त्या प्रत्येकाची कॉपीराइट ओळ लागते. आणि त्या पुस्तकाने ज्यांच्याकडून उचललं त्यांचीही. अशी वंशावळ कधी कधी पानभर जाते. एखादी ओळ राहिली तर करारभंग. कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर परवाना संपला.

आता हेच पुस्तक ओजीएलमधून बाहेर काढून क्रिएटिव्ह कॉमन्सवर (एका वेगळ्या संस्थेचा खुला परवाना) न्यायचं असेल तर? कंपनीच्या एसआरडीतून घेतलेलं सगळं सुटतं, कारण तो मजकूर आता दोन्हीकडे आहे. अडकतं ते तिसऱ्याच प्रकाशकाकडून घेतलेलं. समजा राक्षसांच्या कोशातला एक प्राणी टोम ऑफ हॉरर्ससारख्या जुन्या ओजीएल पुस्तकातून आलाय. तो एसआरडीत नाही, तो फक्त ओजीएलखाली मिळालेला. त्या एका प्राण्यापायी अख्ख्या पुस्तकाला ओजीएलचं पान चिकटून राहतं. मग लेखकाला फोन: हा ठेवायचा की काढायचा? काढला तर प्रकरण तीनमधल्या गुहेत त्याच्या जागी कोण बसणार? नकाशावर त्याचं नाव छापलंय, चित्रकाराचे पैसे देऊन झालेत.

आणि आवृत्ती बदलली की आकड्यांची चौकट बदलते. २०२४च्या राक्षसांच्या चौकटीत इनिशिएटिव्ह (लढाईतला क्रम) वर आलं, गुणांच्या तक्त्यात सेव्हचा (बचावाच्या फाशाचा) रकाना आला. एकेक ओळ वाढली की खालचा परिच्छेद पुढच्या पानावर ढकलला जातो, चित्राची जागा जाते, अनुक्रमणिका आणि 'पाहा पान अमुक' सगळं पुन्हा. यातला एकही बदल वाचकाला नवं पुस्तक म्हणून विकता येत नाही. तो म्हणतो, जुनं घेतलंय, पीडीएफ अपडेट करून द्या ना. रास्त आहे त्याचं. खर्च मात्र प्रकाशकाचा.

वीसपैलू

@शाईबोट, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी. 'वंशावळ' एकदम पटलं.

याच कामाचं मोठं रूप म्हणजे पाथफाइंडर रीमास्टर. २०२३च्या जानेवारीत पायझोने ओजीएलला पर्याय म्हणून ओआरसी परवाना जाहीर केला, जूनमध्ये त्याचा अंतिम मसुदा आला, आणि नोव्हेंबरपासून दुसऱ्या आवृत्तीचे नियम ओजीएलच्या खुणा काढून नव्याने छापायला सुरुवात झाली. पात्राची भली-बुरी वृत्ती सांगणारं अलाइनमेंट गेलं, जादूच्या आठ शाखा गेल्या, मॅजिक मिसाइल या मंत्राचं फोर्स बॅराज झालं, रंगांवरून ओळखले जाणारे ड्रॅगन गेले. खेळाच्या दृष्टीने यातलं बरंचसं अनावश्यक होतं. आवृत्ती बदलली म्हणून परवाना बदलणं आपण पाहिलं होतं. इथे परवान्यासाठी अर्धी आवृत्ती बदलली.

जुनाट_फासा

डीअँडडी सोडून एक उदाहरण. मुंगूस, म्हणजे मंगूज पब्लिशिंग, यांनी २००८मध्ये ट्रॅव्हलर हा विज्ञानकथेतला रोल-प्लेइंग गेम काढला आणि एसआरडी ओजीएलखाली दिली. २०१६च्या दुसऱ्या आवृत्तीत ती सोय गेली, त्याऐवजी त्यांच्याच छत्राखाली प्रकाशित करायची योजना आली. बाहेरच्यांनी काय केलं? जुन्या एसआरडीवर सेफियस इंजिन नावाचा खेळ उभा केला, त्याच वर्षी, आणि त्यावर स्वतःची पुस्तकं काढणं चालू ठेवलं. मूळ नाव घेता येत नाही, पण खेळणाऱ्याला कळतं काय ते.

उलटा प्रवासही झालाय. २००६चं ओएसआरआयसी घ्या: डीअँडडीच्या तिसऱ्या आवृत्तीची एसआरडी वापरून पहिल्या आवृत्तीचा खेळ परत बांधला. कंपनी पुढे जाते, खुल्या परवान्यामुळे लोक मागे जाऊ शकतात. खुल्या परवान्याची मला आवडणारी गंमत हीच.

(मुंगूसबद्दल राग नाही, पुस्तकं छान असतात त्यांची.)

मृण्मयी_फ

डीएम्स गिल्डबद्दल, म्हणजे कंपनीच्या परवानगीने बाहेरच्यांचं लेखन विकणाऱ्या संकेतस्थळाबद्दल, कुणी बोललं नाही. २०१६मध्ये एसआरडीसोबतच आलं. तिथे फरगॉटन रेल्म्ससारखी कंपनीची खास जगं वापरायला मिळतात, विक्रीचे ५० टक्के लेखकाला. बदल्यात ते लेखन तिथेच राहणार, दुसरीकडे विकता येणार नाही, आणि गिल्डवरचे इतर लेखक त्यातलं घेऊन पुढे लिहू शकतात. आवृत्ती बदलताना हे जास्त टोचतं. ओजीएलवाला आपलं साहस उचलून दुसऱ्या खेळात नेऊ शकतो. गिल्डवाल्याच्या साहसात शहर कंपनीचं, खलनायक कंपनीचा, जायचं कुठे? नवोदिताला गिऱ्हाईक पटकन मिळतं हे मात्र खरं, म्हणून सरसकट 'जाऊ नका' असं म्हणणार नाही.

रातकिडा

सगळं वाचून डोकं गरगरलं, पण मजा आली. आता माझा स्वार्थ: राक्षसांचं एक छोटं पुस्तक लिहितोय, डीअँडडीच्या नियमांवर. आज कोणता परवाना घेऊ? आणि ५.१ची (२०१४च्या नियमांची) एसआरडी धरू की ५.२ची (२०२४च्या)?

मीमांसक

२७ जानेवारी २०२३ला कंपनीने माघार घेतली, तेव्हा दोन गोष्टी केल्या. ओजीएल १.०एला हात लावणार नाही असं सांगितलं आणि ५.१ची अख्खी एसआरडी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी-बाय ४.० परवान्याखाली दिली. त्याआधी सुधारित मसुद्यावर घेतलेल्या सर्वेक्षणाला १५,०००हून जास्त उत्तरं आली होती आणि ८८ टक्के लोकांनी त्याखाली काही प्रकाशित करणार नाही असं कळवलं होतं.

यातली दुसरी गोष्ट मोलाची. पहिला नुसता शब्द आहे. सीसी-बायचा मजकूर कंपनीच्या हातात नाही, तो क्रिएटिव्ह कॉमन्स संस्थेचा, आणि त्यात 'अपरिवर्तनीय' स्पष्ट लिहिलंय. एप्रिल २०२५मध्ये ५.२सुद्धा त्याच परवान्याखाली आली. म्हणजे आवृत्ती बदलताना परवाना तोच राहिला.

तुझ्यासाठी सीसी-बाय. श्रेयाचा परिच्छेद एसआरडीतच दिलाय, तो जसाच्या तसा छापायचा. मुखपृष्ठावर 'फिफ्थ एडिशनशी सुसंगत' चालेल. कंपनीचा लोगो नाही.

जुनाट_फासा

ओआरसीचाही विचार कर. त्यात तू घडवलेली नियमयंत्रणा आपोआप पुढच्यांना खुली होते. गोष्ट, पात्रं, चित्रं तुझीच. सीसी-बायमध्ये तू घेतोस पण पुढे द्यायचं बंधन नाही, त्यामुळे साठा आटतो. आणि ओआरसीवर पायझोचीही मालकी नाही.

मीमांसक

तत्त्व छान, पण पहिल्याच पुस्तकाला आपल्या यंत्रणेतलं काय काय आपोआप खुलं झालं याचा हिशोब ठेवायचा? सीसी-बायवर काढ, आणि मोठ्या मनाने द्यायचंच असेल तर तुझा मजकूरही सीसी-बायखाली दे.

शाईबोट

५.१ की ५.२ याचं उत्तर: दोन्ही चालतील, एकाच पुस्तकातसुद्धा. दोन्हीतून घेतलंस तर दोन्हींचे श्रेयाचे परिच्छेद टाक. आकड्यांची चौकट मात्र एकच ठेव, ५.२ची, अर्धे राक्षस एका साच्यात आणि अर्धे दुसऱ्यात असले की वाचक वैतागतो.

आणि प्रत्येक राक्षस कुठून आला ते लिहिताना शेजारीच नोंदव, एसआरडीच्या क्रमांकासकट. ५.२नंतर लगेच ५.२.१ आली होती, म्हणून म्हणते. मांडणीला देशील तेव्हा ती यादी आधी पाठव, पुस्तक नंतर.